दिव्याखालचा अंधार

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला लावतो. गेल्या माघात ती मला स्वतःच्याच घरात ऐकावी लागली. सप्ताहाच्या कीर्तनासाठी निघालो होतो. सेवेचा विषय होता क्षमा. सौ. शांतपणे म्हणाल्या, “भाऊजींशी बोलून सात वर्षं झाली. लोकांना काय सांगणार?” शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशी वाद झाला, तेव्हापासून त्याची पायरी मी चढलो नव्हतो. मला उत्तर सुचले नाही.

सप्ताह अलिबागजवळ होता. कीर्तन रंगले, लोक पाया पडले. मन मात्र खात होते. दुसऱ्या दिवशी यजमानांनी थळच्या किनाऱ्यावर नेले. समोर खांदेरी बेट. शिवरायांनी १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून तिथे दुर्ग उभारला. पुढे १८६७ मध्ये त्याच बेटावर दीपगृह झाले. यजमान जातीचे कोळी, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाले, “महाराज, आमचे आजोबा याच बत्तीच्या भरवशावर रात्रीचे घरी यायचे.” ते वाक्य मनात राहिले. मृदंगमणी सोबत होते. आम्ही ठरवले, किनाऱ्याने खाली जाऊ आणि वाटेतल्या बत्त्या पाहू.

कोर्लई पाहिली, जयगड पाहिले, रत्नागिरीला रत्नदुर्गाच्या टोकावरचे दीपगृह पाहिले. मोठ्या बत्तीचे मर्म ज्योतीपेक्षा भिंगात असते. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या लोलकांची कडी एकात एक बसवून ती रचना केली. १८२३ मध्ये ती पहिल्यांदा फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहावर लागली. ज्योतीचा प्रकाश एरवी वर, खाली, चहूकडे सांडून जातो. हे लोलक त्याला वळवून आडवा क्षितिजाकडे धाडतात. म्हणून साधी ज्योतसुद्धा कित्येक कोसांवरच्या नावाड्याला दिसते. आणि म्हणूनच मनोऱ्याच्या पायथ्याशी जवळजवळ काहीच पोचत नाही. तिथला अंधार हा बत्तीचा दोष नव्हे. सगळा उजेड दूर पाठवण्याची ती किंमत आहे.

हे कळले आणि खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. मनाने लगेच अर्थ काढला : कीर्तनकाराचेही असेच! उजेड संतांचा, आपण नुसती काच. श्रोत्यांना वाट दिसली की झाले. आपल्या पायथ्याशी काय आहे ते कोणी पाहू नये.

देवगडला मात्र हा अर्थ टिकला नाही. तिथले दीपगृह १९१५ चे, किल्ल्यावर समुद्राकडे तोंड करून उभे. आम्ही संध्याकाळी पोचलो. बत्ती लागेपर्यंत रेंगाळलो आणि परत निघालो तो काळोख दाटला होता. डोक्यावरून उजेडाचा झोत समुद्रावर फिरत होता आणि मला माझे पाऊल दिसत नव्हते. ठेच लागून अंगठा फुटला. मागून तिथले एक कर्मचारी हातात विजेरी घेऊन आले. म्हणाले, “ती बत्ती जहाजांसाठी आहे, बुवा. आम्हाला खाली उतरायला हीच लागते.”

मी तिथेच उभा राहिलो. पूर्वी तेलाचे दिवे होते, तेव्हाही असेच असणार. ज्याने वरची मोठी ज्योत पेटवली, त्यालाही जिना उतरताना हातात कंदील धरावाच लागला असेल. वर एवढा प्रकाश आहे म्हणून कोणी अंधारात पाय टाकला नसेल. आणि आपला जिना अंधारा आहे म्हणून वरची बत्तीही विझवली नसेल. तसे केले असते तर समुद्रातले गलबत खडकावर गेले असते.

‘ज्याच्या घरात अंधार, त्याने बोलू नये’ असे म्हणणारे आणि ‘उजेड माझा नाहीच, मग माझ्या अंधाराचे काय’ असे म्हणणारे, दोघेही चुकतात असे मला वाटते. साधकाला दोन दिवे सांभाळावे लागतात. एक दूरच्यांसाठी; तो संतांच्या कृपेने लागतो आणि त्याला लोक नमस्कार करतात. दुसरा हातातला. तो आपला आपणच पेटवायचा असतो. त्याचा उजेड दोन पावलांपुरता पडतो आणि तो कोणाला दिसतही नाही. पण आपले घर त्या दोन पावलांवरच असते. क्षमेवर दोन तास बोलणे हा पहिला दिवा. भावाचे दार वाजवणे हा दुसरा.

परतीच्या एसटीने आमचे गाव यायच्या आधी वस्तीचा थांबा लागतो. तिथून भावाचे घर जवळ. मी तिथेच उतरलो. मृदंगमणी काही बोलले नाहीत, नुसती माझी पिशवी खाली दिली.

भाऊ ओट्यावर बसला होता. त्याने माझ्या अंगठ्याची चिंधी पाहिली आणि आत हाक दिली, “दादा आलाय, पाणी आण.” बांधाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आता आम्ही तो एकमेकांशी बोलतो.

रामकृष्ण हरी.