नाव, नाद आणि निष्ठा

डेथ मेटल हा संकेतांना घट्ट धरून राहणारा संगीतप्रकार. गुरगुरणारा कंठस्वर, खालच्या स्वरात लावलेल्या गिटारी, ड्रमचा मारा आणि मृत्यूचे आशयसूत्र यांनी श्रोत्याचे अपेक्षाक्षितिज आधीच आखलेले असते. अशा प्रकारातील जुन्या बँडने आपला नाद बदलावा काय, या प्रश्नामागे श्रोत्याच्या हक्काचे एक गृहीत दडलेले आहे.

फ्लोरिडातील 'डेथ'च्या १९८७ ते १९९८ या काळातील अल्बमांत सहवादक बदलत राहिले. टिकला तो एकटा चक शुल्डिनर. १९९१ च्या 'ह्यूमन'पर्यंत येता येता रचना गुंतागुंतीची झाली आणि रक्तपाताच्या जागी माणसाचे आंतरिक प्रश्न आले. 'कॅनिबल कॉर्प्स'मध्ये १९९५ साली गायक बदलला, नाद मात्र ओळखीचाच राहिला. (गायक बदलणे क्षम्य, ठेका बदलणे अक्षम्य, असा श्रोत्यांचा न्याय दिसतो!) एकीकडे व्यक्ती टिकली, दुसरीकडे शैली, तरी दोन्ही नावे सार्थ वाटतात.

'मॉर्बिड एंजल'ने २०११ च्या अल्बममध्ये इंडस्ट्रियल व इलेक्ट्रॉनिक ठेके आणले, तेव्हा श्रोते संतापले. २०१७ चा अल्बम पुन्हा जुन्या वळणाचा निघाला. २०११ च्या प्रयोगातील धाडस खुपत नाही. खुपते ते हे की नवे ठेके जुन्या आशयावर वरून चढवलेले वाटतात. शुल्डिनरच्या बाबतीत आशयाच्या दाबाने घाट बदलला. श्रोत्याचा हक्क असलाच तर तो अशा अंतर्गत अपरिहार्यतेची मागणी करण्यापुरता. कालचाच अल्बम पुन्हा मिळावा, इथवर तो पोचत नाही. आणि तसा दाब 'कॅनिबल कॉर्प्स'ला जाणवत नसेल, तर त्यांचे जुन्यातच राहणेही प्रामाणिक मानावे लागेल.