शौर्य आणि सनद

नाशिकच्या महाविद्यालयांतील तरुण मंडळींत गेल्या काही वर्षांत जपानी चलच्चित्रमालांचे, म्हणजे ज्यांना ती मुले ‘ॲनिमे’ म्हणतात त्यांचे, विलक्षण वेड पसरले आहे, आणि घरातील वडीलधारी माणसे त्याकडे पोरखेळ म्हणून पाहतात. परंतु २०२१ आणि २०२२ या सालांत प्रसारित झालेली ‘एटी-सिक्स’ ही मालिका जो कोणी अथपासून इतिपर्यंत पाहील, त्याला राज्यसंस्था आणि मनुष्य यांच्या संबंधाविषयीचा एक अत्यंत कठोर प्रश्न तिने पोरवयाच्या शिपायांच्या तोंडून विचारला आहे, हे मान्य करावेच लागेल. असातो असातो यांच्या कादंबरीमालेवरून ती निर्माण झाली. सॅन मॅग्नोलिया नावाचे एक कल्पित प्रजासत्ताक आहे. त्याच्या तटबंदीच्या आत पंच्याऐंशी प्रभाग आहेत आणि त्यांत रुपेरी केसांचे लोक सुखाने नांदतात. शेजारच्या साम्राज्याने सोडलेल्या स्वयंचलित यंत्रसैन्याशी आपण मानवरहित यंत्रांच्या बळावर लढत असून या युद्धात एकही मनुष्य मरत नाही, असे सरकार रोज जाहीर करते. वस्तुतः त्या यंत्रांत माणसेच बसलेली असतात. केसांचा नि डोळ्यांचा रंग निराळा म्हणून ज्यांचे माणूसपण हुकुमाने रद्द केले, ज्यांना तटाबाहेरच्या शहाऐंशीव्या प्रभागात हाकलले आणि ज्यांना त्या आकड्याखेरीज दुसरी ओळख उरू दिली नाही, त्यांची ही मुले आहेत.

या कथेत रक्तपात पुष्कळ आहे; पण मनाला अधिक चटका लावते ती तिच्यातील दप्तरव्यवस्था. मेलेल्यांची नोंद होत नाही, कारण सरकारी हिशेबाने तेथे मरण्याजोगे कोणी नाहीच. त्यांना थडगे बांधण्याची मनाई आहे. आणि म्हणून शिन नावाचा त्यांचा तरुण नायक पडलेल्या प्रत्येक सोबत्याच्या यंत्राच्या पत्र्याचा तुकडा घेऊन त्यावर त्याचे नाव कोरतो नि जपून ठेवतो. राज्याने टाकलेले दप्तर एका मुलाने सांभाळले आहे. राजधानीत बसून दूरसंभाषणाच्या साधनाने त्यांना हुकूम देणारी लेना ही अधिकारी स्वभावाने दयाळू, त्यांच्या बाजूने वरिष्ठांशी भांडणारी. तरीही एका मुलीच्या मृत्यूनंतर ती सांत्वनाचे शब्द बोलू लागते, तेव्हा पलटणीतला एक मुलगा संतापाने तिला बजावतो की, तू आमची नावेसुद्धा कधी विचारली नाहीस. हा प्रसंग मला संपूर्ण मालिकेचा गाभा वाटतो. मात्र एक तक्रार नोंदविली पाहिजे. यापुढे कथा लेनाच्या पश्चात्तापाला इतके स्थान देते की, सुखवस्तू प्रेक्षकाला तिच्या अश्रूंत आपले अश्रू मिसळून मोकळे होणे फार सोपे जाते.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे कंपनी सरकारची जी तुकडी पेशव्यांच्या फौजेशी लढली, तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि पुढे कंपनीने तेथे उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची जी नावे कोरली, त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महारांची नावे आजही वाचता येतात. म्हणजे येथील सत्ताधीशांनी त्या कल्पित प्रजासत्ताकाहून एक पाऊल पुढे टाकले: त्यांनी नाव दिले, दगडावर दिले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी लढवय्या जातींचा सिद्धान्त रूढ केला आणि १८९२-९३ च्या सुमारास त्याच समाजाला लष्करभरतीचे दार बंद झाले. दगडावरची अक्षरे शाबूत राहिली, हजेरीपटावरची जात नाहीशी झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पलटणीने पगार, पेन्शन आणि मुख्य म्हणजे मुलांसाठी शाळा दिली, त्यांना पुन्हा गावकुसाबाहेरच्या जिण्याकडे ढकलले. महूच्या छावणीत १८९१ साली सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी जो पुत्र, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जन्मला, त्याच्या घरात विद्या आली ती लष्कराच्या वाटेने, हे लक्षात घेतले म्हणजे ते दार बंद होण्याने किती घरांतला दिवा मालवला असेल याची कल्पना येते.

या अन्यायाविरुद्ध पहिली लेखणी उचलली ती पेन्शनर शिपायांनीच. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली मुंबईच्या सेनापतींसाठी विनंतिअर्ज सिद्ध केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. आम्ही मूळचे क्षत्रिय, असे वलंगकरांचे प्रतिपादन होते, आणि आमच्या पूर्वजांनी सरकारसाठी रणांगणे गाजविली हा त्या काळच्या अशा अर्जांचा आधारस्तंभ होता. त्या माणसांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. ज्या सत्तेपुढे ती उभी होती तिला दुसरी भाषाच समजत नव्हती. परंतु त्या अर्जांची भाषा मन विदीर्ण करते, कारण माणूस म्हणून जे मिळावयाचे ते मिळविण्यासाठी शूर म्हणून पुरावा द्यावा लागणे हाच मुळी दुसरा अन्याय होय. जो भित्रा आहे, जो कधी पलटणीत गेला नाही, ज्याच्या आजोबांचे नाव कोणत्याही दगडावर नाही, त्याचे काय? शौर्याच्या मोबदल्यात मनुष्यत्वाची सनद देणारे सरकार ती सनद मोबदला म्हणूनच परतही घेऊ शकते; १९१७ साली महायुद्धाची निकड भासताच १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती बरखास्त झाली. त्या मालिकेतही पाच वर्षे जिवंत राहून लढेल त्याला नागरिकत्व परत मिळेल असे वचन आहे, आणि मुदत संपत आली की उरलेल्यांना, कोणी परतू नये अशाच मोहिमेवर धाडले जाते.

नाशिकने या युक्तिवादाच्या पलीकडचे पाऊल पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि भाऊराव गायकवाडांच्या संघटनेच्या बळावर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा पंचवटीकडे निघालेली ती प्रचंड मिरवणूक चार-चारांच्या रांगांनी चालत होती, तिच्या अग्रभागी लष्करी चालीची वाद्ये वाजविणारे पथक होते आणि शेकडो स्त्रिया तिच्यात सामील होत्या. कवायतीची ती शिस्त हीच बहुधा छावणीने मागे ठेवलेली खरी मिळकत होती. पण मागणी लष्करी नव्हती. मंदिरप्रवेशाने आपले सारे प्रश्न सुटणार नाहीत, हिंदू मन माणसाला माणूस मानावयास तयार आहे की नाही याची ही कसोटी आहे, अशा आशयाचे विचार बाबासाहेबांनी त्या दिवशी मांडले. कोरेगावच्या रणाचा दाखला त्या दारापाशी कोणी पुढे करावा अशी त्या मागणीला गरजच नव्हती, कारण तिच्यामागे उभ्या असलेल्या स्त्रियांना आणि शेतमजुरांना दाखवायला कोणतेही रण नव्हते. मंदिराचे दरवाजे बंद राहिले.

पाच वर्षे हा लढा चालला. याच जिल्ह्यातील येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी भरलेल्या परिषदेत, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली आणि काळारामाचा सत्याग्रह थांबविण्याचा निर्णयही झाला. कथेतील ती मुले अखेरच्या मोहिमेवर निघतात ती प्रजासत्ताकासाठी नव्हे. आपल्या मृतांची नावे बरोबर घेऊन, तटाकडे पाठ करून, कोठे जावयाचे हे स्वतः ठरविता येते याच आनंदाने ती पुढे चालत राहतात. येवल्याच्या निर्णयाचे मर्म मला या प्रवासात दिसते: ज्याच्याकडे मागावयाचे त्याचा देण्याचा अधिकारच नाकारणे.

आणि तरीही बाबासाहेबांनी लष्कराकडे पाठ फिरविली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाल्यावर त्यांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. वलंगकरांचा अर्ज आणि हा आग्रह यांत मागितलेली वस्तू एकच आहे, परंतु मागणारा आता सेनापतीच्या दयेची वाट पाहत दाराशी उभा नव्हता. तो समितीच्या मेजाशी बसला होता, आणि शिपाईगिरी हा इतर कोणत्याही प्रजाजनासारखा आपल्याही मुलांचा हक्क आहे, एवढ्याच भूमीवरून बोलत होता.