नाबोथाचा मळा आणि गावचे वडीलधारे

निवडणूक जवळ आली की आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात चहाच्या टपरीवर एक बोलणं हमखास निघतं: आता कोणीतरी खमक्या हवा, एकहाती कारभार करणारा. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ते ऐकलं की मला जास्त लागतं. त्याच्या धर्मग्रंथाने या मागणीला केव्हाच उत्तर दिलं आहे.

इस्राएलचे वडीलधारे म्हाताऱ्या शमुवेल संदेष्ट्याकडे राजा मागायला गेले. शमुवेलाने राजाची किंमत सांगितली: तो तुमची पोरं रथापुढे पळवील, पोरींना स्वयंपाकाला जुंपील, चांगली शेतं आपल्या चाकरांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा नेईल. लोकांनी हट्ट सोडला नाही. पुढे शलमोन राजाने मंदिर बांधलं, त्यासाठी 30,000 माणसं वेठीला धरली. त्याच्या मुलाने, रहबामाने, जू हलकं करायला नकार दिला आणि राज्य दुभंगलं.

पण मला झोपू देत नाही ती नाबोथाची गोष्ट. अहाब राजाला वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. मोबदला द्यायलाही तो तयार होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. मग राणी ईजबेलने राजाच्या शिक्क्याची पत्रं गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली. दोन खोटे साक्षीदार उभे केले गेले, नाबोथाला दगडांनी ठेचलं. राजा वाड्यातच होता. दगड उचलले ते गावकऱ्यांनी. एकाही वडीलधाऱ्याने ते पत्र परत पाठवलं नाही.

म्हणूनच संदेष्ट्यांना वेगळ्या राजाची आस लागली. जखऱ्याला तो गाढवावर बसून येताना दिसला, रथ आणि युद्धाचं धनुष्य मोडणारा. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आपण त्याचाच जयजयकार करतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये याच राजाच्या भक्तांचा 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आम्ही मात्र त्या राजाचं शांततेचं राज्य मरणानंतरच्या हिशेबात टाकून मोकळे झालो. याच गडचिरोलीत बंदुकीने नवं राज्य आणू म्हणणाऱ्यांचा आणि त्यांच्याशी लढणाऱ्यांचा भार आदिवासींनी चार दशकं सोसला, तेव्हाही आमची प्रार्थना बहुधा चर्चच्या भिंतींआतच राहिली.

याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. तिथे बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय होतो. एकाचंही 'नाही' असेल तर चर्चा पुढे चालते. सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाने 2009 मध्ये कायद्याने मिळवला. शांततेच्या राज्याचं इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि ते ख्रिस्ती नाही याची मला अडचण वाटत नाही.

तेव्हा वडशाच्या आसपासच्या गावांतल्या ख्रिस्ती भावाबहिणींना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेला जा. टाईप केलेला ठराव सहीसाठी फिरला, तर तो आधी मोठ्याने वाचायला लावा. ज्याची जमीन जाणार आहे तो सभेत हजर आहे का, विचारा. तो नसेल, किंवा नको म्हणत असेल, तर सही करू नका.