होळकरांचे एक कोटी

नीरा नदी नरसिंहपूरला भीमेला मिळते. संगमावरचे लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ विंचूरकर सरदारांनी बांधलेले. त्या घराण्याचे विठ्ठल शिवदेव पानिपतातून जिवंत परतलेल्यांपैकी एक. नीरेच्याच वरच्या अंगाला, बारामती तालुक्यात होळ आहे. मल्हारराव होळकरांचे हे गाव; तेही पानिपतातून वाचले. लढाईत मिळवलेले देवळांत आणि घाटांत घालायचे, ही त्या काळच्या सरदारांची रीत. अहिल्याबाईंनी ती काशीपर्यंत नेली.

त्यांच्याच गादीवरच्या दुसऱ्या तुकोजीरावांनी दौलत रुळांत घातली. तीही दान म्हणून नव्हे, व्याजाने.

दरम्यान बरेच काही घडले होते. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली आणि मंदसोरच्या तहाने तिची स्वतंत्र लढाई कायमची थांबली. 1 जुलै 1857 रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्यात होळकरांचे सैनिकही होते. तरुण तुकोजीरावांवर इंग्रजांचा संशय बसला आणि तो लवकर सुटला नाही. अशा राजाने 1870 च्या सुमारास खंडवा-इंदूर रेल्वेसाठी सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षे, शिवाय जमीन मोफत.

हा व्यवहार म्हणजे राजनिष्ठेचे प्रदर्शन, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण माळव्याचा कापूस आणि अफू मुंबईकडे जाण्यात इंदूरचा केवढा फायदा होता, ते पाहिले की त्यामागची व्यापारी नजर दिसते. तुकोजीरावांनी इंदुरात कापडगिरणीही उभारली. नर्मदेवर पूल झाला, विंध्याच्या घाटातून मीटरगेज चढली आणि 1878 मध्ये इंदूर जोडले गेले. रेल्वेला नाव होळकरांचे मिळाले, कारभार मात्र इंग्रज सरकारच्या हाती गेला.

इथे अमेरिकेतल्या जॉन स्टीव्हन्सची आठवण होते. हा तिथल्या स्वातंत्र्ययुद्धातला लष्करी अधिकारी, पुढे न्यू जर्सीचा खजिनदार. 1815 मध्ये रेल्वे बांधण्याची अमेरिकेतली पहिली सनद त्याने आपल्या राज्याकडून मिळवली. पैसा मात्र कोणी पुढे केला नाही. तरीही 1825 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्याने होबोकनला स्वतःच्या आवारात गोल रुळांवर वाफेचे इंजिन चालवून दाखवले. 1830 मध्ये त्याच्या मुलांनी खरीखुरी रेल्वे कंपनी काढली.

स्टीव्हन्सकडे सनद होती, भांडवल नव्हते. तुकोजीरावांकडे भांडवल होते. पण सनद देण्याचा हक्क महिदपुरात गेला होता. भांडवल उशिरा का होईना, जमते. स्टीव्हन्सच्या पुढच्या पिढीने ते जमवले, कारण ज्या राज्याकडे ती हात पसरत होती ते तिचे स्वतःचे होते. होळकरांच्या पुढच्या पिढीला असा मार्ग नव्हता. 1880 च्या दशकाच्या आरंभीच त्यांची रेल्वे सरकारी राजपुताना-माळवा रेल्वेत मिसळली. आपल्याकडे उद्यमी वृत्ती नव्हती, हे इतक्यांदा ऐकवले गेलेले विधान या कोटीपुढे टिकत नाही. मराठी इतिहासलेखनाने होळकरांचे घोडदळ मनापासून रंगवले. त्या कर्जाच्या कराराला मात्र त्याने तळटीपेपलीकडे क्वचितच जागा दिली, आणि हा अन्याय आहे.