बुडीत खात्यातले अनारसे

स्वयंपाकघराला घाबरणाऱ्या माणसाला भित्रा म्हणावे की सज्जन? अन्न टाकणे पाप, हे आपल्याला लहानपणीच पढवलेले असते. आणि नवा पदार्थ करायला घेतला की पहिला घाणा बिघडणार, हेही ठरलेले. तेव्हा पापभीरू माणसाने जन्मभर बटाट्याची भाजीच करावी, असा हिशेब निघतो. आमच्या घरी गेली १८ वर्षे तोच निघत आला आहे.

बँकेत यावर उपाय असतो. फरक सापडला नाही की तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकायचा. कर्ज बुडणार असे दिसले की आधीच तरतूद करायची. बी. कॉम.च्या तीन वर्षांत मला एवढेच नीट कळले, की थोडे बुडणारच असे धरून जो बसतो त्याचाच धंदा चालतो. स्वयंपाकघरात असे खाते नसते, अशी आपली माझी समजूत होती.

परवा मी अनारसे करायला घेतले. (हसू नका, हसण्याचे काम पुढे अनारसेच करणार आहेत.) तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलले. चौथ्या दिवशी निथळून फडक्यावर पसरले, दमट असतानाच दळले, चाळले. पिठाच्या वजनाइतका गूळ किसून मळला आणि गोळा पाच दिवस डब्यात ठेवला. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याचे माप घरोघर गेले, त्याचे मोल कारकुनालाच विचारा! ‘अंदाजाने’ हा शब्द ऐकला की माझा हात लटपटतो. पण अनारसा असा लबाड, की माप चोख असूनही ऐनवेळी दगा देतो. गूळ जरा जास्त ओलसर निघाला की संपले.

आमच्या हिला हे ठाऊक होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत तिचे अनारसे तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले. त्यावर आई हसली, आत्या हसली, आणि मीही हसलो. त्यानंतर हिने अनारशाचे नाव काढले नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा सासूबाईंनी मला ३३ अनारसे पाठवले. जाळीदार, एकही फुटलेला नाही. मी ते मोजून घेतले. हिने एकही खाल्ला नाही. मला वाटले, गोड नको असेल.

तर, मी खसखशीवर पहिला अनारसा थापला, खसखस वर ठेवून तुपात सोडला, गॅस मंद केला. दोन क्षण तो गंभीर राहिला, मग कढईभर हसला.

मागे ही उभी. मी म्हटले, “हास आता. तुझी पाळी.”

ती हसली नाही. म्हणाली, “त्या दिवशीचा सगळा चुरा मीच खाल्ला. तीन दिवस. तुम्हाला कुणाला नको होता ना.”

झारा हातात धरून मी उभा राहिलो. करपलेली पोळी, खारट आमटी, दगडासारखे लाडू... ही सगळी जायची कुठे? माझ्या ताटात तर कधी आली नव्हती. म्हणजे बुडीत खाते होते; फक्त ते हिच्या ताटात उघडलेले होते. माझ्यातला तपासनीस १८ वर्षे रोज त्या ताटाशेजारी जेवायला बसत होता, आणि त्याला ते दिसले नाही!

“अगं, मग सांगायचंस तरी!”

“काय सांगायचं? तेव्हा तुम्हीच सगळ्यात मोठ्यानं हसला होतात.”

मी कढईतला तो चुरा झाऱ्याने गोळा केला, वाटीत काढला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खायला लागलो. तूप फार होते, पण चवीला, खरे सांगतो, वाईट नव्हता. हिने डब्यातली मूठभर कोरडी तांदळाची पिठी काढून माझ्या गोळ्यात मळली. मग एक घास त्या वाटीतला घेतला.

“द्या तो झारा इकडे,” ती म्हणाली. “आणि सरका जरा.”