सुगंध आणि स्मरण

पहिल्या पावसाने खंडाळ्याच्या मातीचा गंध दरवळला की विसरलेले बालपण अवचित समोर उभे राहते. गंधाची ही किमया निद्रेतही चालते. २००७ साली जर्मन संशोधकांनी गुलाबाच्या गंधात चित्रजोड्यांच्या जागा पाठ करणाऱ्यांना गाढ झोपेत तोच गंध दिला. जाग आल्यावर त्यांचे स्मरण अधिक पक्के निघाले. शिकताना गंध नसेल, तर मात्र रात्रीचा गंध निष्फळ ठरला. बेथानीत एका स्त्रीने प्रभूच्या मस्तकी सुगंधी तेल ओतले. तिचे हे कृत्य तिच्या स्मरणार्थ जगभर सांगितले जाईल, असे प्रभूने म्हटले. तेलाचा परिमळ विरला, प्रीती स्मरणात राहिली. जागेपणी जे प्रेमाने जपलेच नाही, ते झोपेत कोणता सुगंध जागवणार?