इब्राहिमखानाचा दाखला

धानाची कापणी उरकली की आमच्या लाखनीच्या आसपास गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटके रंगतात. त्यात कधी नारायणराव पेशव्याच्या खुनाचे नाटक असले, की तलवार उपसून गारदी येतो. त्या क्षणी प्रेक्षकांत बसलेली आमची मुले उगाच अंग चोरून घेतात. कोणी काही बोललेले नसते. तरी घरी परतताना वडीलधारे समजावतात, "अरे, पानिपतात मराठ्यांसाठी लढला तो इब्राहिमखानही गारदीच होता."

हे उत्तर आम्हीही अनेकदा दिले आहे. वादात दिले, भाषणात दिले. आता मात्र देताना मन अडते. एका खुनाला उत्तर म्हणून एक बलिदान पुढे करायचे, हा हिशेब मुळात आपण का मांडतो?

इब्राहिमखानाची गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला हा सरदार आधी निजामाच्या नोकरीत होता, नंतर पेशव्यांकडे आला. 14 जानेवारी 1761 रोजी त्याच्या पलटणींनी मराठी फौजेच्या डाव्या बाजूने रोहिल्यांवर चाल केली. समोर त्याचेच धर्मबांधव होते. त्याची बहुतेक माणसे पडली, तो स्वतः जखमी होऊन सापडला. अवधच्या शुजाउद्दौलाने त्याला आसरा दिला, पण शेवटी अब्दालीच्या हवाली करावे लागले. तिथेच त्याचा अंत झाला. ज्याचे मीठ खाल्ले त्याची साथ त्याने सोडली नाही. यालाच इमान म्हणतात.

पण त्याच रणात शुजाच्या बाजूने अनुपगिरी गोसावी आपली नागा फौज घेऊन उभा होता. त्याचा जाब आज कोणी कोणाला विचारत नाही, आणि विचारूही नये. तोही आपल्या धन्याचे मीठ खात होता. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात शिरलेल्या गारद्यांत महंमद युसूफ होता, तसेच सुमेरसिंग आणि खरकसिंगही होते. रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. गारदी ही जात नव्हती, धर्म नव्हता. ती शिपाईगिरीची नोकरी होती.

आणि दाखला दिल्याने संशय फिटतो का? यासाठी थोडे दूर, कुस्तुंतुनियाला जाऊ. 1097 मध्ये निकिया शहर रूमी बादशाहाच्या हाती आले, तेव्हा अक्सूख नावाचा एक तुर्क मुलगा कैद झाला. तो शहजादा योहानसोबत वाढला, ख्रिस्ती झाला. योहान 1118 मध्ये गादीवर आल्यावर अक्सूख साऱ्या फौजेचा सेनापती झाला. बादशाहाची बहीण ॲना हिने भावाविरुद्ध कट केला. तो फसला, आणि तिची जप्त केलेली दौलत योहानने अक्सूखला देऊ केली. त्याने ती घेतली नाही. बहिणीचे बहिणीला परत द्या, असे त्यानेच सुचवले, आणि भाऊबहिणीची दिलजमाई झाली.

याहून मोठा दाखला कोणता? तरी 1167 मध्ये त्याच्या मुलावर, अलेक्सियसवर, फितुरीचा आळ आला. तोही सेनापती होता, राजघराण्याचा जावई होता. त्याने घराच्या भिंतींवर तुर्क सुलतानाच्या पराक्रमाची चित्रे काढून घेतली, हेही त्याच्या गुन्ह्यांत मोजले गेले. त्याला मठात डांबले. बापाचे इमान मुलाच्या कामी आले नाही.

म्हणून आम्हाला वाटते, इब्राहिमखान मुलांना जरूर सांगावा, पण शब्दाला जागलेला माणूस म्हणून सांगावा. आपली हमी म्हणून नव्हे. हमी मागणाऱ्याचे समाधान एका नावाने होत नाही, तो उद्या दुसरे मागतो. शिवाय इब्राहिमखानाचे पुण्य आपल्या खात्यात घेतले, तर महंमद युसूफचे पापही घ्यावे लागेल. ज्याची करणी त्याचाच हिशेब, हे तर आपला दीन लहानपणीच शिकवतो.

पण हे शिकवताना आपण आपल्या अंगणातही पाहावे. सोयरीक जुळवताना मुलीच्या चुलत्याने वीस वर्षांपूर्वी काय केले, हे आपणही उकरून काढतोच. तिथे त्या मुलीकडून आपण कोणता दाखला मागत असतो? नाटकातला गारदी पाहून अंग चोरणाऱ्या मुलाला ताठ बसायला शिकवायचे, तर सुरुवात त्या मुलीपासूनच करावी लागेल.